निरोगी माणूस पाहिजे

"हात मागं घ्या!"

कावेरीचा आवाज बाळंतिणींच्या वॉर्डात असा काही चढला, की बद्रीनाथची मधात बुडवलेली सोन्याची अंगठी नवजात भाचीच्या ओठांपाशीच थबकली.

"मामाचा मान हाय, मॅडम," तो ओशाळून म्हणाला.

"मान घ्या, पण मध नको. वर्षभर तरी. तिचं अंग अजून जंतूंशी लढायला शिकतंय."

"म्हंजी आमच्यापेक्षा हिचं रक्त कच्चं?"

वाळूजच्या कारखान्यात मशीन चालवणारा गडी, विचारल्याशिवाय राहतोय कसला! नाळेतलं रक्त आणि मोठ्यांचं रक्त ताडून पाहणं हेच तर कावेरीचं संशोधन. तिला निरोगी माणसं हवीच होती; तिनं त्यालाच विचारलं. दुसऱ्याच दिवशी स्वारी बाही सरसावून प्रयोगशाळेत हजर!

मग तो येतच राहिला. सुई टोचताना तो तिच्याकडे बघायचा आणि ती... नेमकी नळीकडे. एकदा तिनं त्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. त्याच्या पांढऱ्या पेशी जंतूंकडे धावत सुटलेल्या, बाळाच्या रेंगाळत निघालेल्या.

"लई आळशी की!"

"आळशी नाहीत हो. नऊ महिने दुसऱ्याच्या पोटात राहायचं, तर उठसूट भांडून कसं चालेल?"

तो हसला नाही. पुन्हा भिंगाला डोळा लावून बघत राहिला. तिला तेच फार आवडलं. पण ठरलेलं लग्न एका खोट्यापायी मोडल्यापासून ती ताकही फुंकून पीत होती.

शेवटच्या नमुन्याच्या दिवशी त्याच्या पेशी जंतू घालण्याआधीच चवताळलेल्या दिसल्या.

"ताप आहे तुम्हाला?"

"कालपासून... सर्दी बी हाय. सांगितलं असतं तर तुम्ही परत धाडलं असतं."

"सगळा नमुना वाया गेला! आणि खोटं मला चालत नाही, बद्रीनाथ."

"चुकलंच माझं. पण उद्यापासून इथं यायला मला काय निमित्तच नाय, मॅडम... हे कुणाला सांगू?"

तो मान खाली घालून निघाला. कावेरीला एकदम वाटलं, आपणही अशाच की! जंतू दिसायच्या आधीच चवताळलेल्या. याला जाऊ दिलं, तर जन्मभर हळहळत बसू.

"अहो... बरे झालात की या. आता सुई नाही टोचणार."

"मग दारावर काय म्हणून सांगू?"

"खरं तेच सांगा. कावेरीला भेटायचंय म्हणा." तिनं हातातली सुई खाली ठेवली. "मी वाट बघेन."