गार होईल आता

एसी अजिबात चालत नसेल तर परवडतं. काय मेलंय ते सापडतं, बदलून टाकता येतं. पण मधूनच गार करतो आणि मधूनच गरम फेकतो अशी गाडी आली, की माझ्या कपाळाला आठी पडते. कारण गॅरेजमध्ये ती शहाण्यासारखी वागते. तुम्ही हात पुसून बाजूला झालात की रस्त्यावर जाऊन पुन्हा तेच.

चष्मेवाल्या काकांची गाडी तशीच होती. त्यांचं चष्म्यांचं दुकान आमच्याच रस्त्याच्या टोकाला. काकू उन्हाळ्याच्या तोंडावर गेल्या आणि दुकान तेव्हापासून बंदच होतं. एके दिवशी भर दुपारी काका गाडी घेऊन दारात आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"मिस्त्री, एवढा एसी बघा. सगळीकडे दाखवून झालं."

मी गेज लावला. गॅस व्यवस्थित होता. पंखा फिरत होता, जाळी साफ होती. रिलेसुद्धा बदलून पाहिला. इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, तर आत बर्फासारखी हवा.

"काका, मला तर यात काहीच दिसत नाही."

"उभ्या गाडीत नाही दिसणार. चला माझ्याबरोबर. दवाखान्याच्या रस्त्याने जाऊ."

काका चालवत होते, मी शेजारी. ऊन असं की समोरचं डांबर पाण्यासारखं हलत होतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, रस्त्यावर कुणी नाही. सिग्नलपाशी थांबलो आणि बॉनेटखालून बारीक 'टक्' असा आवाज आला. हवा कोमट झाली, मग गरम. मला हेच हवं होतं. एसीचा कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या क्लचने पकड सोडली होती. मी काच खाली करायला हात नेला.

"नको," काका हळूच म्हणाले. "थांबा जरा."

गाडीत वास भरू लागला. स्पिरिटचा, गोळ्यांचा, घामाने भिजलेल्या सुती कपड्याचा. आणि मागून, अगदी माझ्या मानेजवळ, कुणीतरी श्वास ओढला. लांब... अडकत अडकत...

"अहो... उकडतंय हो..."

मी गर्रकन वळलो. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर फक्त उन्हाची तिरीप.

काकांनी मान वळवली नाही. आरशात बघत, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "हो गं. होईल गार आता."

टक्. क्लच लागला. थंड हवा आली आणि मागचा श्वास थांबला.

काकांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "तुम्हालाही ऐकू आलं ना? मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

मग त्यांनी सांगितलं. काकूंचं हृदय कमजोर झालं होतं. त्या दिवशी दवाखान्यात नेताना रस्ता तुंबला, पुढेही जाता येईना आणि मागेही. एसी गरम फेकायला लागला. काच उघडली की धूर आत यायचा आणि काकूंना खोकल्याची उबळ यायची. त्या मागे एकट्याच होत्या.

"सारखं तेवढंच म्हणत होती. मी पुढून म्हणायचो, होईल गार आता. मग ती म्हणायची थांबली. मला वाटलं, बरं झालं, डोळा लागला."

खरं सांगतो, तिथेच दार उघडून पळावंसं वाटलं. पण तो आवाज ऐकल्यावर त्या बाईला तसंच उन्हात ठेवून कसा जाणार? मी गाडी गॅरेजला आणली आणि क्लच उतरवला. त्याची कॉइल तापली की पकड सुटायची, निवली की पुन्हा धरायची. सगळं दुखणं एवढंच. नवी टाकली. मग रणरणत्या उन्हात एकटाच गाडी फिरवून आलो. हवा सलग गार. मागे काही नाही.

किल्ली घेताना काकांनी माझे दोन्ही हात धरले. "सुटली हो बिचारी," म्हणाले.

आठवडाभरातच ते परत आले.

"पुन्हा बिघडला?"

"नाही. पूर्वीसारखा करून द्या."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"जुना भाग असेल ना कुठेतरी? तोच लावा."

"काका, अहो काय बोलताय?"

"घर गप्प आहे. दुकान उघडून बसलो, तर तेही गप्प. आता गाडीही गप्प झाली." त्यांचा आवाज इतका सपाट होता की ते रडले असते तर मला बरं वाटलं असतं. "ती बोलतच नाही, मिस्त्री."

"पण त्या बोलायच्या तेव्हा त्यांना त्रास व्हायचा ना?"

"माहीत आहे मला... तिला तापवल्याशिवाय ती येत नाही. मी काय करू, तुम्ही सांगा."

तो भाग लावायला मी नाही म्हटलं, एवढंच. बायकोने त्यांना आत बोलावलं, दोन घास खाऊन जा म्हणाली. "बरं," म्हणाले, आणि न जेवता निघून गेले.

नंतर एका दुपारी हवालदारांचा फोन आला. एक गाडी उघडून द्यायची होती. मागच्या काचेवर माझ्या गॅरेजचा स्टिकर होता.

गाडी दवाखान्यामागच्या मोकळ्या मैदानात, झाडाचा आडोसाही नाही अशा जागी उभी होती. बॉनेट वर केलेलं. एसीच्या क्लचची वायर कात्रीने कापलेली. इंजिन बंद. काचा सगळ्या वर, आणि आतून दहिवर धरल्यासारख्या पांढुरक्या. पत्र्याला बोट लागलं तर चटका बसला.

मी पट्टी सरकवून कडी उचलली आणि मागचं दार ओढलं. एसी बंद असूनही थंडगार हवा अंगावर आली. हवालदार दोन पावलं मागे सरकले.

काका मागच्या सीटवर होते. एका बाजूला, पलीकडच्या दाराला चिकटून, शेजारच्याला ऐसपैस बसता यावं म्हणून अंग चोरावं तसे. डोळे मिटलेले. हात लावून बघायची गरजच नव्हती. डॉक्टरांनी पुढे उष्माघात लिहिला.

मी बघत होतो ते त्यांच्या शेजारच्या, माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे. तिथला सीटबेल्ट लावलेला होता. आणि तो सीटला टेकलेला नव्हता. चांगला वीतभर पुढे, फुगीर, ताणलेला होता.

"हे काय..." हवालदार पुटपुटले.

उघड्या दारातून बाहेरची गरम हवा आत शिरली. श्वासाने छाती भरावी तसा बेल्ट सावकाश वर उचलला गेला. खाली आला. पुन्हा एकदा वर उचलला गेला... आणि मग खर्रर्र करत, हळूहळू सैल होत, सीटला जाऊन टेकला.