हळूकाकाचं तोंड

"घरी काढलेल्या चित्रावरून मी केकवरचा बाहुला बनवत नाही हं," असं केकवाल्या काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "छापील चित्र आणा. पुस्तकातलं, टीव्हीतलं, खोक्यावरचं, कुठलंही चालेल. छापलेलं असलं की ते आधीच सगळ्यांचं असतं. घरी काढलेलं तुमच्या एकट्याचं होऊन बसतं."

मी मान डोलावली. केक चित्रासारखा झाला नाही म्हणून गिऱ्हाइकं भांडत असणार, त्यावर काकूंनी शोधलेली ही पळवाट, असं मी मनात म्हटलं आणि विसरले.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होणार होती. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पायांपेक्षा तिची जीभच जास्त फिरायची. दात घासताना तोंडातल्या फेसासकट बोलायची, झोपेत बोलायची, माशीशी बोलायची. "हिला बंद करायचं बटण कुठंय गं?" असं नवरा विचारायचा. मला मात्र ती बडबड हवी असायची. ती तान्ही होती तेव्हा मी तासातासाला उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचे. ती बोलायला लागली आणि माझं ते काम संपलं. हात कणकेत असले तरी कान आतल्या खोलीकडे. आवाज येतोय ना, मग ती ठीक आहे. थांबला तर हाक मारायची, "भिंगरी!" तिकडून "ओ!" आली की पुन्हा कामाला लागायचं.

वाढदिवसासाठी मी महिनाभर आधीच तीन थीम काढून ठेवल्या होत्या: समुद्र, डायनोसॉर आणि अंतराळ. वहीत रकाने पाडून कशाला काय लागेल तेही लिहिलं होतं. भिंगरीनं वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"हळूकाका," ती म्हणाली.

"तो कोण?"

"हळूकाका गं! सगळ्यांना माहितीये. तुलाच काही माहीत नसतं."

मी शोधशोध शोधलं. या नावाचं कार्टून नाही, पुस्तक नाही, खेळणं नाही. शेवटी जुळ्यांच्या आईला फोन लावला. ती आमच्याच इमारतीत राहते.

"अगं, हळूकाका!" ती हसायला लागली. "आमच्या दोघांचं दिवसभर तेच चालू असतं. मला वाटलं तुमच्याकडे टीव्हीवर लागतं ते."

आमच्याकडे लागत नव्हतं. मी बालवर्गाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलं शाळेत हळूकाका खेळतात खरी, पण बघत असतील घरी. मग बोलवायच्या आठही मुलांच्या घरी फोन केले. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याच कुणाकडे लागतं. सवयीप्रमाणे मी वहीत बाण काढले, कुणी कुणाचं नाव सांगितलं त्याचे. सगळे बाण फिरून फिरून आमच्याच घरावर येऊन थांबले. मला काही कळेना. नवरा म्हणाला, "पोरांनी मिळून काढलेलं खूळ असेल. तूच काढ ना चित्र, तुला येतं की."

एका दुपारी भिंगरी स्टुलावर बसली आणि मी कागद घेतला.

"कोट. लांब. पुठ्ठ्याच्या रंगाचा."

"बटणं?"

"चार. एक तुटलंय. हात अजून खाली. अजून. आई, अजून! गुडघ्याच्या पण खाली."

"मग हा चालतो तरी कसा?"

"हळू," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी खो खो हसलो.

डोळे झाले. तोंड काढायला मी पेन्सिल टेकवली तर तिनं माझं मनगट धरलं.

"तोंड नाहीये त्याला."

"असं कसं? मग बोलतो कशानं?"

"नाहीच बोलत. तोंड अजून आलं नाही." माझी अक्कलदाढ अजून आली नाही, हे मी जितक्या साधेपणानं सांगते तितक्याच.

सांगताना ती अधूनमधून माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. मग कागदाकडे, मग पुन्हा मागं. समोर बसलेल्या माणसाचं चित्र जमलंय का, हे ताडून बघावं तसं. मी वळून पाहिलं. कपाट आणि खिडकी यांच्यामधला कोपरा. तिथं इस्त्रीचं टेबल उभं असायचं. ते मी नंतर दुसरीकडे हलवलं. का, ते विचारू नका.

चित्र घेऊन मी केकवाल्या काकूंकडे गेले. त्या क्रीम फेटत होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला आणि उजेडात धरून बघितला.

"छापील नाही मिळालं?"

"कुठंच नाही हो. मुलीनं सांगितलं तसं मी काढलं."

"कोट करीन. हात करीन," शेवटी त्या म्हणाल्या. "चेहरा करणार नाही. आणि तुम्हीही चित्र आहे तसंच राहू द्या."

नवऱ्यानं चित्र माणसाएवढं मोठं छापून आणलं, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी आम्ही ते बैठकीच्या खोलीत, त्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात उभं केलं. भोवती खाकी फुगे. लांब उभं राहून मी बघितलं. डोळ्यांखाली सगळं सपाट. आठ मुलं हे बघून रडली तर?

"मलाही धड नाही वाटत," नवरा म्हणाला. "एखादं हसू तरी काढ त्याला."

मी लाल मार्कर घेतला. एक वाकडी रेघ, वर दुसरी. दोन मिनिटांचं काम. जरा बरं दिसायला लागलं.

भिंगरी मोरीत होती, दार उघडंच होतं, अंगावर पाणी घेत तारस्वरात गात होती. मी मार्करचं टोपण लावलं आणि माझ्या लक्षात आलं की गाणं मध्येच थांबलंय.

"भिंगरी!"

"ओ!"

मी फुगे बांधायला घेतले.

दहा मिनिटांनी तिला आणायला गेले तर ती पाटावर बसली होती, ओठ घट्ट मिटून. काय विचारलं तरी नुसती माझ्याकडे बघे. रुसली असेल म्हटलं. साबण डोळ्यात गेला असेल. फ्रॉक घालतानाही ती बोलली नाही. त्या गडबडीत मला त्याचं काहीच वाटलं नाही, हे मी स्वतःला अजून माफ करू शकलेले नाही.

मुलं चारला आली. दारातून आत येताना नेहमीचा दंगा, आणि पुठ्ठ्यासमोर आली की गप्प. रडलं कुणीच नाही. जुळ्यांपैकी एक म्हणाला, "तोंड आलं."

"आलं," दुसरा म्हणाला.

मग सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं.

एवढ्यात काकू केक घेऊन आल्या. त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि खोकं हातातच राहिलं.

"हे तोंड आधीपासून होतं?"

"नाही, सकाळी काढलं मी. फारच भकास दिसत होतं ना."

त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. भिंगरीजवळ गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि विचारलं, "बाळा, तुझं पूर्ण नाव काय गं?"

भिंगरीच्या आवाजात तिचं पूर्ण नाव आलं. स्वच्छ. मला हायसं वाटलं. पोरीचा रुसवा गेला एकदाचा.

काकू मात्र भिंगरीकडे बघत नव्हत्या. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

उठल्या, चपला हातातच घेतल्या आणि तशाच अनवाणी जिना उतरून गेल्या.

मेणबत्त्या लावल्या. केकवरच्या बाहुल्याला चेहरा नव्हता. कोट होता, चार बटणं होती, हात होते. सगळ्यांनी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं.

वीस आवाज असले तरी आईला आपल्या मुलाचा ऐकू येतो. मला येत होता.

भिंगरी माझ्या उजवीकडे उभी होती.

तिचा आवाज डावीकडून येत होता.

मी खाली वाकून पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. डोळे भरलेले. तिनं माझा पदर मुठीत धरला होता.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या.

डावीकडून शेवटची ओळ पुन्हा एकदा आली. एकेक शब्द सुटा करत. हळू.

त्याच संध्याकाळी नवऱ्यानं पुठ्ठा फाडला, इमारतीच्या मागं नेऊन जाळला. मी समोर उभी राहून पूर्ण जळेपर्यंत बघितलं.

याला आता सात महिने झाले. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले, सगळं उत्तम आहे. समुपदेशक बाई म्हणतात, धीर धरा, बोलेल. नवऱ्यालाही तसंच वाटतं, किंवा तो तसं म्हणतो. काकूंचं दुकान बंद असतं, फोन कुणी उचलत नाही. जुळ्यांची आई परवा जिन्यात भेटली. "सुटलो बाई," म्हणाली, "आमच्याकडचं ते हळूकाका एकदाचं संपलं. मी विचारलं तर दोघं म्हणतात, तो आता भिंगरीकडेच राहतो."

हे लिहिताना भिंगरी माझ्या मांडीवर बसली आहे. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आहे, तिचा श्वास मला हाताला लागतोय. आणि बैठकीच्या खोलीतून, कपाटाच्या बाजूनं, ती मला हाक मारते आहे. "आई, बघ ना. आई, इकडे ये ना." पूर्वी अडखळायचा तो आवाज. आता सराईत झालाय.

तुमच्या घरात लहान मूल असेल आणि या क्षणी ते शेजारच्या खोलीत असेल, तर माझं एवढं ऐका. नुसती हाक मारू नका. "ओ" येईल. मलाही आली होती. उठा, त्याच्यासमोर जाऊन बसा, त्याला नाव विचारा, आणि उत्तर येईल तेव्हा त्याचे ओठ हलतात का, तेवढं बघा.