दोरी मनगटाला होती

ही घटना खरी आहे. पुराव्यावाचून विधान करू नये, हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले. तरीही हे लिहिते आहे, कारण पुरावा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. रविवार, दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन. तळ्याकाठच्या आमच्या घरामागची पत्र्याची शेड.

शेडमध्ये ट्रॉलीवर एक वॉटर स्कूटर चार वर्षं झाकून ठेवलेली होती.

हिच्यावरूनच माझी धाकटी बहीण पाण्यात पडली. स्कूटर थांबली नाही. वळसा घेऊन परत आली... आणि तिच्या अंगावरून गेली.

अशा गाडीला एक सुरक्षा दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाची क्लिप इंजिनाच्या स्विचमध्ये. माणूस पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. धाकटीची दोरी सीटखालच्या कप्प्यात सापडली. तिच्या नवऱ्याने जबाब दिला : दोरी एकच होती, तिने बांधली नाही, ती आधीपासूनच वेंधळी.

चौकशी अहवाल चार पानी. निष्कर्ष एका ओळीचा : मृत व्यक्तीचा निष्काळजीपणा.

आमची आई गेली, ती ही ओळ खरी मानून गेली.

आता मेहुण्यांना गाडी परत हवी होती. "पुढच्या महिन्यात माझं दुसरं लग्न आहे, ताई. तिलाही पाण्याचं भारी वेड. म्हटलं, पडून सडण्यापेक्षा..."

"न्या," मी म्हटलं. "पण माझ्यासमोर चालू करा."

त्यांनी मेकॅनिक आणला होता. गप्पिष्ट माणूस, त्या अपघाताबद्दल गावात ऐकलेला. त्याने जुनं पेट्रोल उपसलं, प्लग बदलले, नवी बॅटरी बसवली, मागच्या नळीतून मूठभर चिंध्या ओढून काढल्या. "उंदरांनी सोसायटी काढली होती साहेब. पार्किंगसकट!"

मग त्याने सीट उचलली.

कप्प्यात चार वर्षांची धूळ होती. धुळीत दोरी होती.

दोरीतून पाणी ठिबकत होतं...

"दमट हवा," मेहुणे म्हणाले. विद्वत्ता अशीच असते. कारण आधी, निरीक्षण नंतर.

जमिनीवर इंजिन चालवायचं तर थंड ठेवायला बागेची नळी जोडावी लागते. मी नळापाशी उभी राहिले. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, आधी इंजिन, मगच पाणी. साहेब, तुम्ही दोरी बांधा."

"ट्रॉलीवर कशाला? इथून काय वाहून जाणारे मी?"

"बांधा हो. सवय चांगली."

मेहुणे सीटवर बसले, दोरी बांधली, बटण दाबलं. इंजिन धडधडलं.

टक्.

क्लिप निघाली. इंजिन बंद.

पुन्हा चालू. पुन्हा... टक्.

तिसऱ्या वेळी मी दोरीकडेच पाहत होते. ती सैल लोंबत होती. मग ती ताणली गेली. मधोमध कुणीतरी बोट अडकवून ओढावं, तशी.

टक्.

"कटकट आहे नुसती!" मेहुणे वैतागले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक लाल क्लिप होती, दोरी कापून टाकलेली, नुसती क्लिप. त्यांनी ती स्विचमध्ये बसवली. "मी कायम हीच लावून ठेवायचो. बांधाबांध नको की काही नको."

मेकॅनिकने मान वर केली.

"कायम म्हणजे, साहेब? तेव्हापण?"

मेहुण्यांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं.

इंजिन मात्र चालू झालं होतं. मी नळ सोडला.

"बस, बंद करा," मेकॅनिक म्हणाला. मेहुण्यांनी लाल बटण दाबलं. इंजिन चालूच. क्लिप उपटली. चालूच. मेकॅनिकने बॅटरीची तार काढली, पेट्रोलची नळी चिमटली...

चालूच. उलट आवाज चढत गेला.

मेहुणे उडी मारून उतरले. मनगटाची दोरी लोंबत होती. तिचं टोक हळूच गाडीच्या पोटाखाली वळलं, पाणी खेचून घेणाऱ्या जाळीत शिरलं...

आणि दोरी आत गुंडाळली जाऊ लागली.

"ताई! ओढा मला! ताई!"

मेकॅनिक सुरी शोधायला धावला. मी नळापाशीच होते. मेहुण्यांचा गुडघा टेकला, मग खांदा, मग बोटं जाळीला लागली.

"तिने बांधली होती!" ते किंचाळले. "मनगटाला होती तिच्या! स्विचमध्ये माझी क्लिप होती, म्हणून तिची नुसतीच लोंबत होती! मी सोडली... मीच सोडली नंतर!"

सुरी घेऊन परतलेला मेकॅनिक हे ऐकत दारातच खिळला होता.

मी म्हटलं, "पुरे गं."

इंजिन थांबलं.

दोन बोटं गेली. मेहुण्यांनी इस्पितळात नवा जबाब दिला, मेकॅनिकने साक्ष दिली. अहवालातली ती ओळ खोडली गेली आहे. लग्न मोडलं. स्कूटर भंगारात गेली, ती चिरडताना मी समोर उभी होते.

निघताना मेकॅनिकने मला एवढंच विचारलं, "मॅडम, ते 'पुरे' जरा आधी नसतं म्हणता आलं?"



शेड आता रिकामी आहे. तरी काही दुपारी तिथून इंजिनाची हलकी धडधड ऐकू येते. चढत नाही, थांबत नाही. माझ्या एका शब्दाची वाट पाहावी, तशी.

मी बाहेर कुणावर चिडून घरी येते... त्याच दुपारी.