हवाबंद घर

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या आईच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. डोनेगलच्या समुद्राकडच्या डोंगरावर, गेल्या नोव्हेंबरात, दिवसाढवळ्या. यंत्र लावायला आलेला माणूसही तिथेच होता. त्याला विचाराल तर तो विषय बदलतो.

आधी घराबद्दल सांगते.

दगडी भिंती, बाहेर कायम वारा, आणि एकही खिडकी धड बंद होत नाही. माझे बाबा, कोनल, म्हणायचे, "आमचा कुत्रा बाहेर झोपतो. आत फार गारठा आहे म्हणे!"

हसता हसता त्यांना खोकला लागायचा. छाती जुनीच अधू.

घरं उबदार करून देणाऱ्या योजनेत त्यांनी नाव घातलं होतं. भिंतींना अस्तर, नव्या खिडक्या, घर तापवणारा हीट पंप... सगळं फुकट. फोन केला की एकच उत्तर. यादीत आहात, नंबर येईल.

दोन हिवाळे गेले.

फेब्रुवारीत बाबा गेले. मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगावर दोन कोट घालून.

ऑक्टोबरात नंबर आला.

बैल गेला आणि झोपा केला! मी फोनवरच्या पोरीला वाट्टेल ते बोलले. तिची बिचारीची काय चूक? पण राग कुणावर तरी काढायचा होता.

आई, रोशा तिचं नाव, कामगारांना परतच पाठवणार होती.

"त्याच्या नंबरावर मी ऊब घेऊ?" ती म्हणाली.

"आई, तू पण तशीच जाणार का मग? दोन कोट घालून?"

मी तिच्या वतीने हो म्हटलं.

काम छान झालं, खोटं का बोलू. पहिल्यांदाच आई घरात शाल न घेता वावरली. मग शेवटच्या तपासणीला फिंटन आला. घरात फट कुठे राहिली ते शोधणं हे त्याचं काम. पुढच्या दारात त्याने लाल कापडाची चौकट ताणून बसवली. मधोमध मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते. हातात धुराची कांडी धरून हा खोल्याखोल्यांतून फिरतो. धूर हलला की फट सापडली.

स्वयंपाकघर. धूर सरळ.

आईची खोली. धूर सरळ.

"रोशा, तुमचं घर डब्यासारखं घट्ट झालंय," फिंटन खुशीत म्हणाला. "आता नवऱ्याची जुनी भांडणं काढलीत तरी शेजाऱ्यांना ऐकू जायची नाहीत!"

त्याला माहीत नव्हतं. आईने त्याला माफ केलं.

मागची खोली...

धूर वाकला.

खिडकीपाशी नाही. भिंतीपाशीही नाही. खुर्चीसमोर. खोलीच्या मधल्या हवेत.

"इथे फट कशी असेल?" फिंटन पुटपुटला. त्याने कांडी स्थिर धरली.

धूर पुढे गेला... मागे आला.

पुढे गेला... मागे आला.

कुणीतरी सावकाश, कष्टाने श्वास घ्यावा तसा.

मी एक पाऊल मागे सरकले. आई मात्र पुढे झाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी तिला इतकं मऊ होऊन बघताना कधीच पाहिलं नव्हतं.

"मी खिडकी उघडली नव्हती," ती म्हणाली.

मला लगेच कळलं. आमच्याकडे माणूस गेला की खिडकी उघडतात, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. त्या दिवशी शेजारीण आईला सांगून थकली. आई ऐकेना. "जन्मभर काकडलाय तो," म्हणाली, "आता तरी त्याच्या अंगावर वारा नको."

म्हणजे बाबा कुठे गेलेच नव्हते. खुर्चीत बसून घर उबदार व्हायची वाट बघत होते.

फिंटनचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "जोर वाढवून बघतो," म्हणत कांडी माझ्या हातात देऊन तो दाराकडे गेला.

"थांब!" आई ओरडली. "अरे पोरा, बंद कर ते!"

पण पंख्याच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही.

पंखा आणखी जोरात घुमायला लागला. माझ्या हातातल्या कांडीचा धूर एकदम लांब ताणला गेला, दाराच्या दिशेने. माझ्या शेजारून गार काहीतरी सरकलं. पॅसेजमधला बाबांचा कोट खुंटीवर हलला. आई त्या गारव्यामागे धावली, दोन्ही हात पुढे करून, रिकामी हवा पकडत...

पंखा क्षणभर अडखळला. घशात घास अडकावा तसा.

मग सुरळीत चालू झाला.

"सुटलं!" फिंटन आकडे बघून म्हणाला. "आता एक फट नाही. पास!"

आई दारातल्या लाल कापडावर हात ठेवून उभी होती.

"बाहेर काढलंत त्याला," ती म्हणाली. "या थंडीत."



दुसऱ्या दिवशी मागच्या खिडकीच्या काचेवर धुकं दिसलं. बाहेरून. मी फिंटनला फोन केला. तो म्हणाला, चांगल्या काचेवर बाहेरून धुकं बसतंच, घरातली ऊब वाया जात नाही याची खूण ती.

असेल.

पण हे धुकं तळहाताएवढं होतं. ते वाढायचं... आकसायचं. पुन्हा वाढायचं.

आईने धावत जाऊन पुढचं दार उघडलं. "कोनल, ये रे आत! आता गरम आहे बघ घर!"

काच लगेच कोरडी झाली. दारातून कुणीच आलं नाही.

तिने दार लावलं. काचेवर धुकं परत आलं.

किती वेळा तिने ते केलं! दार बंद असलं की बाबा काचेपलीकडे. उघडलं की कुठेच नाहीत. शेवटी मी तिचा हात धरला तर ती माझ्यावरच खेकसली. मग रडली. मीही रडले.

आता ती रोज दुपारी दार सताड उघडं टाकून बसते. अंगात कोट. हीट पंप सारा डोंगर तापवत बसतो. योजनेतून पत्र आलं होतं, घर आता कसं वाटतं म्हणून. मी फाडून टाकलं.

संध्याकाळी मी फोन करते. जेवलीस का, विचारते. विचारायचं असतं दुसरंच, आणि तिला ते कळतं.

"नाही गं, अजून नाही," ती म्हणते.

मागे घरात वारा फिरत असतो.