शेल्याचं दुसरं टोक

फेरिओल सरावाला पहिल्यांदाच आला आणि नेमकं रेमेईलाच विचारून बसला, "तुझा शेला धरू?"

त्यांच्या वाल्स गावात सणाला माणसांच्या खांद्यांवर माणसं चढून मनोरा रचतात. त्याआधी कमरेला लांब काळा शेला आवळायचा. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने गिरक्या घेत गुंडाळून घ्यायचं. रेमेई मात्र टोक खिडकीच्या गजाला बांधायची. कुणावर विसंबणं तिला जमत नसे.

"खिडकी आहे की," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मनोऱ्यावरून उतरताना तिचा पाय वळला आणि गुडघ्याची वाटी बाजूला सरकली. ती शिव्या देत पडली होती. फेरिओलने तिची टाच तळहातावर घेतली, पाय हळूहळू सरळ केला... वाटी जागेवर बसली.

"हात भलतेच गार आहेत तुझे."

"तुझी जीभ गरम आहे. फिटंफाट."

तो इस्पितळात व्यायाम शिकवायचा, त्यामुळे गाठीभेटी वाढल्या. डॉक्टरांनी तिला दोन रस्ते सांगितले होते. एक, पट्टा लावून मांडीचे व्यायाम करायचे. पण वाटी याआधीही एकदा निसटली होती, त्यामुळे पुन्हा निसटण्याची भीती होतीच. दुसरा, ऑपरेशन करून वाटीला धरून ठेवणारा फाटका बंध नव्याने बांधायचा. म्हणजे ऑक्टोबरातल्या सणाला मनोरा विसरायचा. त्या सणासाठी तर ती वर्षभर जगायची.

"पट्टा लावून चढले तर?" तिने फेरिओलला विचारलं.

"चढशील." तो तिच्या गुडघ्याकडे बघत राहिला. "पण तुझ्या वर लहान पोरं असतील. तेव्हा निसटली तर –"

"गोड बोलायला काय घेशील?"

"ऑपरेशन झालं की बोलतो."

ती चिडली, घरी जाऊन रडली आणि ऑपरेशनला तयार झाली.

सणाच्या दिवशी ती कुबडी घेऊन चौकात उभी होती. सगळ्यांना वर चढताना बघणं तिला फार जड जात होतं. तेवढ्यात फेरिओल आला, शेला हातात लोंबत होता.

"खिडकी सापडली नाही?"

"सापडली. पण... मला तू हवी होतीस."

तिने कुबडी भिंतीला टेकवली. टोक मुठीत धरलं.

"दोन्ही पायांवर भार दे," तो म्हणाला.

"गुडघा?"

"धरेल."

तो गिरक्या घेत जवळ येत गेला. शेला संपला तेव्हा त्याचा श्वास तिच्या कपाळावर होता. गुडघा जागच्या जागी होता.

"आता बोल गोड."

"आवडतेस मला. पहिल्या शिवीपासून."

तिने टोक त्याच्या कमरेत नीट खोचलं. हात तिथेच राहिला.

"पुढच्या वर्षी माझा शेला तू धर."

"आणि खिडकी?"

"तिची समजूत मी घालते."