प्याल्याचा दुसरा काठ

"हळू... फुलं मोडतायत."

बर्नो दारातूनच म्हणाली, तसा तिच्या टेबलाशी वाकलेला माणूस दचकून सरळ झाला. हातात तिचीच काचेची दांडी, पुढ्यात तिचीच काचेची भांडी, आणि अंगातल्या ओल्या कोटातून पाणी टपटपत होतं ते तिनं आत्ताच पुसायला लावलेल्या फरशीवर. बाहेर जर्दाळूच्या मोहरावर बारीक पाऊस पडत होता. नदी डोंगरातला गाळ घेऊन आली होती आणि आख्ख्या गावाचं पाणी ह्याच कारखान्यात निवळायचं होतं. अशा सकाळी कुणी अनोळखी माणूस आपल्या वस्तूंना हात लावतो म्हणजे काय!

"कुठली फुलं?" त्यानं विचारलं.

"ही." तिनं भांड्यात बोट दाखवलं. गढूळ पाण्यात तुरटी पडली की गाळाचे कण एकमेकांना धरतात, लोकरीसारखे पुंजके होतात आणि सावकाश तळाशी जातात. त्यांना इथे सगळे फुलंच म्हणत. "आधी भराभर ढवळायचं, मग अगदी हळू. तुम्ही तर ताक घुसळताय."

"आमच्याकडे माणसं जरा घाईचीच."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"वाळवंटापार, नुकूस शहराच्याही पलीकडे. मी आयदोस. उद्यापासून रात्रपाळीचा प्रमुख."

"उद्यापासून ना? मग आज दांडी खाली ठेवा."

त्यानं मुकाट्यानं ठेवली. पण जाता जाता वळून म्हणाला, "आणि तुम्ही... फुलांच्या मालकीणबाई?"

"दिवसपाळीची प्रमुख. बर्नो."

"म्हणजे मालकीणच," तो म्हणाला, आणि हसला. बाई, काय ते हसणं! बर्नोनं घाईघाईनं भांड्यांकडे तोंड फिरवलं आणि पुढच्या भांड्यात तुरटी दोनदा टाकली.

प्रमुख म्हणायला ती प्रमुख होती खरी. पण तुरटीवरचे मिर्झो-अका, म्हणजे मिर्झोदादा, तिच्या जन्माच्या आधीपासून तुरटी टाकत होते. ते तिला 'पोरी' म्हणत, तिचं सगळं ऐकून घेत आणि मग आपल्या मनाला येईल तेच करत. गाळण्यांवरच्या खोलिदा-ओपाचे, म्हणजे खोलिदाताईचे, हात चांगले होते, पण जीभ त्याहून चांगली. म्हणून बर्नो सगळं स्वतःच बघायची. झडप ओपानं फिरवली की ही मागून जाऊन परत चाचपायची. दुसऱ्यावर काम सोपवणं तिच्या जिवावर यायचं. ही टोळी आपल्याला मनापासून प्रमुख म्हणेल का, हा घोर तिला रात्रंदिवस होता.

आता तिथली एक रीत सांगायला हवी. शिफ्ट बदलताना जाणारा प्रमुख शुद्ध पाण्याच्या नळाखाली प्याला भरायचा, अर्धा स्वतः प्यायचा, उरलेला येणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "पाणी दिलं." येणाऱ्यानं ते पिऊन "पाणी घेतलं" म्हटलं की जबाबदारी त्याची. तो शब्द येईपर्यंत जाणाऱ्याला घरी जाता येत नसे. आयदोसच्या आधी रात्रपाळीला होते ते आजोबा मोठे झुपकेदार मिशांचे, आणि त्या मिशा प्याल्यात बुडायच्या. म्हणून बर्नोला प्याला फिरवून दुसऱ्या काठानं प्यायची सवय लागली होती.

पहिल्या सकाळी आयदोसनं प्याला दिला. तिनं फिरवला, प्यायली.

"पाणी घेतलं."

"ह्याला तर मिशा नाहीत," खोलिदा-ओपा फडकं पिळत म्हणाली, कुणाला उद्देशून नाही, अशीच.

संध्याकाळी देणारी बर्नो, घेणारा तो. त्यानं प्याला फिरवला नाही. तिनं जिथे ओठ लावले होते तिथेच लावले, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड आहे."

"साखर नसते हो घालत आम्ही."

"तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे समुद्र निघून गेला आणि मीठ मागे ठेवून गेला. माझी आई पाहुण्यांना चहा देताना आधी माफी मागते."

त्याच्या गावी आता पाण्याचा नवा कारखाना उभा राहत होता. त्याआधी इथलं काम शिकायला तो आला होता, तुतीचा हंगाम संपेपर्यंत. मग तो जाणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. बर्नोलाही होतं... पण ठाऊक असून काय उपयोग?

सकाळी तो तिच्या शिफ्टसाठी तंदूरमधली गरम रोटी फडक्यात गुंडाळून ठेवायचा. संध्याकाळी ती त्याच्यासाठी चुलीच्या कडेला सामसे, तंदूरमध्ये भाजलेले समोसे, झाकून ठेवायची. 'रात्री नदी काय म्हणाली' एवढंच सांगायचं असायचं, पण ते सांगणं रोज लांबत चाललं.

"तुमची नदी फार बोलते बुवा," ओपा म्हणायची.

"ऐकणारं कुणी असलं की बोलते," आयदोस म्हणायचा. बर्नो लाल व्हायची, प्याला फिरवायची आणि प्यायची. कितीही झालं तरी प्याला फिरवायचं तिनं सोडलं नाही. प्रमुख बाईनं एकदा का लोकांना बोलायला जागा दिली, की मग मिर्झो-अका कशाला ऐकतायत!

मे महिन्यात एका दुपारी डोंगरात ढग फुटला आणि नदी विटेच्या रंगाची झाली. भांड्यांत फुलं धरेनात, गाळण्या तुंबू लागल्या. ओपा इकडून हाका मारतेय, मिर्झो-अका तिकडून, पंपघरातून तिसराच कुणी. बर्नो तुरटीकडे धावली, तिथून गाळण्यांकडे, परत तुरटीकडे, आणि अंगणाच्या मधोमध थबकली. हात दोनच होते. आज गावात गढूळ पाणी गेलं तर आपलं प्रमुखपण तर जाईलच, पण घराघरांतली पोरं आजारी पडतील.

तिनं श्वास घेतला.

"मिर्झो-अका, किती तुरटी ते तुम्ही ठरवा. भांडी लावा आणि फुलं कुठे धरतात ते मला सांगा."

"मी ठरवू?"

"तुम्हीच. ओपा, गाळण्या तुमच्या. कुठली आधी धुवायची ते तुमचं तुम्ही बघा. मी नदीकडचं दार अर्धं उतरवते, पाणी कमी आलं तर सगळ्यांना वेळ मिळेल."

आणि गंमत बघा. ज्या म्हाताऱ्यानं आजवर कुणाला न विचारता तुरटी ओतली, तो आता सोपवल्यावर प्रत्येक भांडं उजेडात धरून बघू लागला. दांडी इतकी हळू फिरवू लागला, जसं काही पाळण्यात बाळ आहे. दार उतरवून आल्यावर बर्नो मधोमध उभी राहिली, विचारेल त्याला सांगत, हात एप्रनच्या खिशात कोंबून. हात नुसते शिवशिवत होते. तरी तिनं ते बाहेर काढले नाहीत.

आयदोस वेळेच्या बराच आधी धावत आला. "मी काय करू?"

"काही नाही. माझी शिफ्ट आहे अजून. बसा."

तो पायरीवर बसला. दिवस कलला तेव्हा आधी एक टाकी निवळली, मग दुसरी. तिनं नळाखाली प्याला भरला. सगळी टोळी भोवती उभी होती. ती अर्धा प्यायली, बाकीचा त्याला दिला.

"पाणी दिलं."

तो सावकाश प्यायला. "गोड आहे," म्हणाला. "पाणी घेतलं."

मिर्झो-अकांनी घसा खाकरला. "पोरी... नाही, बर्नोखान. उद्यापण भांडी मीच लावू का?"

नावापुढचं ते मानाचं 'खान' त्यांनी पहिल्यांदाच लावलं होतं. बर्नोला रडू येईल असं वाटलं. ती नुसतीच मान हलवून फाटकाकडे चालू लागली. आयदोस तुतीच्या झाडापर्यंत मागोमाग आला.

"बर्नो."

अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"गावी मला यंत्रं मिळतील, माणसंही मिळतील. पण आज तू जे केलंस ना, ते मला येत नाही. मी घाई करतो. सगळं एकट्यानं ओढतो..." तो थांबला. झाडावरून एक पिकली तुती त्याच्या खांद्यावर पडली आणि जांभळा डाग उमटला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही. "तू चल माझ्याबरोबर. प्रमुख म्हणून चल. आणि बायको म्हणून... क्रम तू ठरव."

बर्नोला त्याक्षणी हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे अंगणात मिर्झो-अका भांडी धूत गुणगुणत होते.

"आजच तर ही माणसं माझी झाली," ती म्हणाली. "आजच कशी सोडू रे?"

"उत्तर आज नको," तो म्हणाला. "मला घाई करायची नाही."

तुती संपली. खाली पडलेल्या फळांवरून चालून सगळ्यांच्या चपलांचे तळ काळे झाले, आणि त्याच्या जाण्याची सकाळ आली. बॅग दाराशी होती. त्यानं प्याला भरला, अर्धा प्यायला, तिच्या हातात दिला.

"पाणी दिलं."

तिनं प्याला घेतला. फिरवला नाही. तो जिथून प्यायला होता तिथूनच, त्याच्याकडे बघत, शेवटच्या थेंबापर्यंत ती प्यायली. खोलिदा-ओपाच्या हातातलं फडकं तिथल्या तिथे थांबलं. आयदोसचे कान लाल झाले.

पण पुढचा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. निघाला असता तर त्याची शिफ्ट संपली असती.

"अगं, घेतलं म्हण," ओपा हळूच म्हणाली. "त्याची गाडी आहे."

बर्नोनं मान हलवली. नाही.

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तेच ते पहिल्या दिवसाचं हसू त्याच्या तोंडावर आलं. "म्हणजे माझी शिफ्ट अजून चालूच आहे म्हणायची," तो म्हणाला, आणि बॅग उचलून गेला. बर्नो पंपघरात जाऊन रडली, कारण तिथल्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही.

उन्हाळ्यात फोन यायचे. पण फोनवर दोघंही नुसतं पाण्याचंच बोलत.

"नदी कशी आहे?"

"उतरलीय. तुझी?"

"खारट."

एवढंच बोलणं, पण फोन मात्र ठेववत नसे.

खरबुजं पिकायच्या सुमारास बर्नो तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळली. तिचा जीव कारखान्यात अडकलेला. उठून धडपडत गेली तर... सगळं लख्ख. टाक्या निवळलेल्या, मिर्झो-अका दुसऱ्या एकाला दांडी हळू फिरवायला शिकवतायत, ओपा प्रमुखाच्या जागी उभी राहून पाणी घेतेय. बर्नो फाटकातच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"आम्ही तुझ्यावाचून मेलो नाही म्हणून रडतेस की काय?" ओपानं विचारलं.

"तसंच काहीसं."

"तूच शिकवलंस ना? मग आता जिथे कुणाला येत नाही तिथे जा." ओपानं तिच्या डोक्यावरचा घामेजलेला रुमाल नीट केला. "तो शब्द गिळून बसलीयस ते आम्हाला काय दिसत नाही?"

त्या रात्री फोनवर तिनं पहिल्यांदाच पाण्यावेगळं काही विचारलं. "तुझ्या आईला गाडीचा प्रवास सोसतो का?"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "सोसतो," आयदोस म्हणाला. "सोसेल. मी... उद्याच विचारतो."

पुढच्याच आठवड्यात त्याची आई आणि मावशी मागणी घालायला आल्या, वाळवंट ओलांडून, गाडीत बसून अंग आंबलेलं. रिवाजाप्रमाणे मुलगा आला नव्हता. बर्नोच्या आईनं दस्तरखान अंथरला, जर्दाळू, बदाम आणि न मोडलेल्या रोट्या मांडल्या; मुलीकडून होकार आला तरच दोन्ही घरांनी मिळून रोटी मोडायची. पुलाव करायला खोलिदा-ओपा आली होती. बर्नो चहाची किटली घेऊन बाहेर आली, तेव्हा त्याची आई ओशाळल्यासारखी पिशवीतून काहीतरी काढत होती.

पाण्याची बाटली होती. अर्धी.

"मी म्हटलं त्याला, मेल्या, मुलीच्या घरी पाणी घेऊन कोण जातं? तेही अर्धं?" ती म्हणाली. "आमच्या नळाचं नवं पाणी आहे. स्टेशनवर माझ्यादेखत अर्धी बाटली प्यायला आणि बूच लावून दिली. म्हणाला, भरू नकोस, तशीच तिच्या हातात दे, आणि सांग की पाणी दिलं. आता ह्याचा काय अर्थ, बाई, मला तर काही कळत नाही."

बर्नोनं किटली खाली ठेवली. बाटली हातात घेतली, बूच काढलं. बाटलीला काही फिरवायला दुसरा काठ नसतो. तिनं तशीच तोंडाला लावली आणि एका दमात संपवली.

"अजून खारट आहे," ती म्हणाली.

त्याच्या आईचा चेहरा पडला. "आहे गं थोडं. खारटपणा काढायचं यंत्र आलंय, पण आधी गाळ बसायला हवा म्हणे. माणसं नवी आहेत आणि हा सारखा त्यांच्या हातातली दांडी ओढून घेतो. कसली ती फुलं... ती ह्याला काही केल्या धरत नाहीत."

बर्नो हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिची आई घाबरून उठली. फक्त खोलिदा-ओपा जागची हलली नाही, झारा हातात धरून दारात उभी राहिली.

"त्याला सांगा," बर्नो म्हणाली, "पाणी घेतलं."

दोघी आया एकमेकींकडे बघत राहिल्या. ओपानं झारा खाली ठेवला, दस्तरखानावरची सगळ्यात मोठी रोटी उचलली आणि तिची एकेक कड दोघींच्या हातात दिली.

"बघत काय बसलात," ती म्हणाली. "मुलगी हो म्हणाली. मोडा रोटी."