वरचा स्क्रू, पाव फेरा

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो पुष्कर आज गुडगावात राहतो, आणि हे सांगताना अजूनही आवाज खाली आणतो.

तारीख त्याला पाठ आहे. तेरा फेब्रुवारी १९९९, शनिवार. संध्याकाळचे पावणेसहा.

जागा, दिल्लीतल्या द्वारकामधल्या एका नव्या सोसायटीची गच्ची.

पुष्कर पुण्याचा. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून बायकोला, मैत्रेयीला, घेऊन इकडे आलेला. मैत्रेयीला सातवा महिना होता. वीस फ्लॅटच्या त्या इमारतीत फक्त चार घरांत दिवे लागायचे.

बाकी सगळीकडे कुलपं.

त्याच आठवड्यात त्याच्या घरी एक दुर्बीण आली होती. साडेपाच फूट लांब नळी. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, ओळखीच्या सुधाकरकाकांनी ती दिली. काका रिटायर झालेले, क्वार्टर सोडून नागपूरला निघालेले. तिचा आरसा त्यांनी स्वतः घासून बनवला होता.

"आरशाला बोट लावायचं नाही," काकांनी बजावलं होतं. "धूळ बसली तर नुसत्या पाण्याखाली धरायचा. आणि दुर्बीण हलवली की आरसा पुन्हा जुळवायचा. त्याला दोन माणसं लागतात. एकाने या टोकाला डोळा लावून बघायचं, दुसऱ्याने आरशामागचे तीन स्क्रू फिरवायचे. आमच्याकडे स्क्रू कुसुम फिरवायची."

त्यांची बायको, कुसुमावती. वर्षापूर्वी वारली होती.

तर त्या शनिवारी उजेड असतानाच पुष्करने नळी स्टँडवर आडवी ठेवली. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीला भोक पाडून ती पुढच्या टोकाला बसवली आणि डोळा लावला. आरशाच्या मधोमध एक काळा ठिपका असतो. तो भोकातून दिसणाऱ्या गोलाच्या बरोबर मध्यभागी आणायचा होता. मैत्रेयी मागच्या टोकाला, स्टुलावर बसलेली.

"वरचा स्क्रू, पाव फेरा घट्ट."

ठिपका भलतीकडेच सरकला.

"अगं, उलटा."

"मग नीट सांग ना यार," मैत्रेयी म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. विमानतळ जवळच, त्यामुळे दर दहा मिनिटांनी असं व्हायचं. मैत्रेयी काहीतरी बोलली, पण त्याला ऐकू आलं नाही.

आवाज विरला. पुष्करने डोळा न काढता पुढे सुरू केलं.

"डावा, पाव फेरा घट्ट."

कुर्रर्र...

ठिपका बरोबर हवा तिकडे आला.

"आता उजवा. अगदी किंचित सैल."

कुर्रर्र...

"छान जमायला लागलं की तुला. वरचा, अजून थोडा... बस."

मागून हलकेच आवाज आला.

"हं."

ठिपका नेमका मध्यभागी. पुष्कर खूश होऊन मान वर करणार, तोच जिन्यात पावलं वाजली.

मैत्रेयी वर येत होती. अंगावर शाल, हातात चहाचे दोन कप.

"झालं का रे? सांगून गेले होते ना, थंडी वाजतेय म्हणून."

पुष्करने मागे बघितलं.

स्टूल रिकामं होतं.

मैत्रेयीला त्याने खाली पाठवलं आणि काकांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"माझ्याकडे कुसुम आली नाही हो," काका म्हणाले. "वर्षभर रोज संध्याकाळी दुर्बीण लावून बसायचो. हाका मारायचो. एकदाही नाही आली."

दुसऱ्या दिवशी चार वाजता काका हजर. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी. मैत्रेयीला घरीच थांब म्हटलं, पण ती ऐकेना. ती जिन्याच्या दाराशी उभी राहिली.

काकांनी आधी स्क्रू थोडे हलवून आरसा मुद्दाम बिघडवला. मग पुढे येऊन डोळा लावला.

"कुसुम, वरचा स्क्रू. पाव फेरा घट्ट."

काही नाही.

"कुसुम... मी आहे."

गच्चीवर वारासुद्धा नव्हता. काका तासभर सांगत राहिले. शेवटी त्यांनी डोळा काढला.

"पुष्कर, तुम्ही सांगून बघा."

पुष्करची अजिबात इच्छा नव्हती. पण काकांचा चेहरा बघवेना.

"वरचा स्क्रू..." तो स्क्रूकडे बघत म्हणाला. "पाव फेरा घट्ट."

कुर्रर्र...

तिघांच्या डोळ्यांदेखत स्क्रू फिरला. बरोबर पाव फेरा.

काकांचे डोळे भरून आले. "आता सैल म्हणा."

"सैल."

स्क्रू तितकाच उलटा फिरला.

आणि काकांचा चेहरा बदलला. ते एक पाऊल मागे सरकले.

"ही कुसुम नाही."

"काका?"

"तिला घट्ट म्हटलं की ती सैल करायची. तीस वर्षं मी तिच्यावर चिडलो यावरून. पहिल्या फटक्यात बरोबर तिने कधी फिरवलाच नाही."



कुर्रर्र...

कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी डावा स्क्रू फिरत होता. पाव फेरा. थांबला. पुन्हा पाव फेरा. पुन्हा थांबला.

"पुष्कर," मैत्रेयी दारातून हळूच म्हणाली, "बस म्हण त्याला."

"बस."

स्क्रू थांबला.

"हं."

या वेळी तो आवाज तिघांनीही ऐकला. आणि तो स्टुलाकडून आला नव्हता. मैत्रेयीच्या अगदी शेजारून आला होता.

त्या रात्री ते दोघं पहाडगंजच्या एका हॉटेलात राहिले. महिनाभरात फ्लॅट सोडला. काका नागपूरला गेले ते पुन्हा फोनवर आले नाहीत. एप्रिलमध्ये मुलगी झाली, सुखरूप.

दुर्बीण पुष्करकडेच आहे, गुडगावच्या घरात, खोक्यात बंद. कोणाला द्यायची हिंमत होत नाही. टाकून द्यायचीही नाही. कारण एक गोष्ट त्याला अजून कळलेली नाही... ते जे काही होतं, ते दुर्बिणीबरोबर आलं होतं, की त्या गच्चीवर आधीपासूनच होतं?

कळायला एकच मार्ग आहे. खोकं उघडायचं, दुर्बीण लावायची आणि एकदा म्हणायचं, वरचा स्क्रू, पाव फेरा.

इतकी वर्षं झाली. त्याने म्हटलेलं नाही.